कांचनला कुणी विचारलं नाही

कांचन माईणकर त्या दिवशी बसमधून मध्येच उतरली, कारण आपण आता मरणार याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती आणि परक्या माणसांच्या गर्दीत मरायची तिला लाज वाटत होती.

मार्च महिना होता, १९७४ साल. चंडीगढची थंडी सरून हवा कशी सुरेख झाली होती. सेक्टर तेवीसमधल्या सरकारी क्वार्टरातून ती नेहमीसारखी शाळेला निघालेली. आठवीच्या मुलींची गणिताची परीक्षा तोंडावर आली होती. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. भांडण नाही, आजार नाही, वाईट बातमी नाही, कशाला म्हणून काही कारण नाही. आणि एकाएकी छातीत कुणी ढोल बडवायला लागल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या आल्या. ओठ बधिर पडले. श्वास घशापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. शेजारची सरदारीण स्वेटर विणत होती, तिच्या सुया हलताना दिसत होत्या, पण ती बाई काचेपलीकडे बसल्यासारखी लांब गेली होती.

"रोको! बस रोको!" कांचन ओरडली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

गोलचक्करापाशी ती उतरली आणि हिरवळीवर मटकन बसली. या शहरातले रस्ते एवढे रुंद, की इकडच्या माणसाने हाक मारली तर पलीकडच्याला ऐकू जाऊ नये. मिरजेच्या गल्लीत असती तर चार बायका पाणी घेऊन धावल्या असत्या. इथे दोन्ही बाजूंनी झाडांच्या सरळ रांगा आणि मधून सायकलींवरून कचेरीला जाणारे बाबूलोक. शेवटी एका रिक्षावाल्याने तिला घरी आणून सोडलं. घरी पोचेपर्यंत ते सगळं ओसरलंही होतं. उरला होता नुसता थकवा, ताप उतरून गेल्यावर असतो तसा.

विश्वनाथ, तिचा नवरा, ऑडिटच्या कचेरीत अधिकारी होता. बदलीवर इथे येऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. माणूस वाईट नव्हता. निरोप मिळताच तो तसाच उठून आला आणि येताना डॉक्टर खुराणांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला.

खुराणांनी नाडी पाहिली, छाती तपासली. दुसऱ्या दिवशी कार्डिओग्रामही काढून झाला. सगळं ठीक निघालं. मग ते खुर्ची ओढून विश्वनाथकडे तोंड करून बसले.

"नींद आती है इन्हें?"

"येते... आती है जी, अच्छी आती है," विश्वनाथ म्हणाला.

कांचन त्या दोघांच्या मध्ये पलंगावर पडली होती. रात्रभर ती छताकडे बघत जागी होती. पण प्रश्न तिला नव्हताच.

"भूख?"

"ठीक है जी."

"कुछ नहीं है, माईणकर साहब. गॅस है, और थोड़ा वहम. औरतों का दिल कच्चा होता है. नौकरी, घर, सब का बोझ. एक बच्चा और हो जाए तो ऐसी बातें सोचने की फुरसत ही नहीं मिलेगी." आणि ते हसले. विश्वनाथही हसला, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून.

ते हसू कांचनच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बसमध्ये चढली आणि पुढच्याच थांब्यावर उतरली. मग ते सेक्टर बावीसच्या बाजारात झालं, पालकाची जुडी हातात असताना. मग दुधाच्या डेपोच्या रांगेत. मग तर व्हायचीही गरज उरली नाही. होईल की काय या भीतीनेच हातपाय गार पडायचे. परीक्षेचे पेपर तिने घरीच तपासले आणि शाळेतून रजा घेतली. ज्या बाईने लग्नाआधी सांगलीला रोज सायकलवर जाऊन बीएस्सी केलं, ती फाटकापर्यंत जाऊन परत यायला लागली.

विश्वनाथने कारभार हातात घेतला. भाजी तो आणू लागला, दूध तो आणू लागला. "तू काही काळजी करू नकोस, मी आहे ना," हे वाक्य दिवसातून कितीदा तरी यायचं. मिरजेहून आलेली पत्रं तो आधी स्वतः वाचायचा आणि मग त्यातलं बरं तेवढं तिला वाचून दाखवायचा. शेजारच्या बाईंना त्याने सांगून ठेवलं, हिच्यासमोर कुणाच्या आजारपणाचं बोलू नका. आणि नयना, त्यांची दहा वर्षांची मुलगी, जी घरात पाऊल टाकल्याबरोबर वर्गातल्या भांडणाचा पाढा वाचायची, ती चवड्यांवर चालायला लागली.

"आज शाळेत काय झालं गं?"

"कुछ नहीं."

"काहीच नाही? पम्मीशी भांडली नाहीस?"

नयनाने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पापा ने मना किया है. बोले, मम्मी को कुछ नहीं बताना. मम्मी की तबीयत खराब हो जाती है."

पोरीने वळून दुसऱ्या खोलीचं दार आवाज न करता लावून घेतलं. ते दार असं आवाज न करता लागलेलं ऐकून कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग ओकायची कुणावर? विश्वनाथ हातात गरम दुधाचा पेला घेऊन उभा होता.

चैत्रात शशिकलाबाई जोगांकडे गौरीचं हळदीकुंकू होतं. चंडीगढमधली मराठी बिऱ्हाडं अशी किती असणार! कुणी कचेऱ्यांतले, कुणी विद्यापीठातले, दोघी-तिघी चंडीमंदिरच्या छावणीतून आलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या बायका. सगळ्या एकमेकींना ओळखत होत्या, त्यामुळे सगळ्यांना सगळं कळलं होतं. विश्वनाथने कांचनला दारापर्यंत आणून सोडलं आणि शशिकलाबाईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. शशिकलाबाईंनी मान डोलावली.

आंबेडाळीची वाटी हातात येते न येते तोच सुरुवात झाली.

"अगं, मन गुंतवून ठेवावं. विणकाम घे एखादं."

"माझ्या नणंदेचं अस्संच होतं. सोळा सोमवार केले, आता ठणठणीत आहे."

"आम्हाला बाई कधी काही झालं नाही. पासष्टच्या लढाईत हे सीमेवर होते, मी दोन पोरांना घेऊन एकटी होते. घाबरायला वेळ होता कुणाला?"

"नोकरीचा ताण हो, दुसरं काय! काय कमी आहे तुला? सोडून दे की."

कांचनने वाटी खाली ठेवली. हात थरथरत होते, भीतीने की संतापाने ते तिलाही कळत नव्हतं. उसनं हसू आणून ती उठली आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. तिथे एक पंचविशी-तिशीतली मुलगी कट्ट्याला टेकून पन्हं पीत उभी होती. केस अगदी आखूड कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. शशिकलाबाईंची भाची विनया. मोठ्या हॉस्पिटलात मनोविकाराच्या विभागात डॉक्टर होती आणि मावशीच्या आग्रहामुळे आली होती.

तिने कांचनकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कुठून सुरू होतं? छातीतून की हातातून?"

"काय?"

"तुम्हाला जे होतं ते."

दीड महिन्यात हे कुणी विचारलं नव्हतं. कांचनला रडू यायला हवं होतं. आला राग.

"म्हणजे तुमच्याही कानावर घातलं का? आता तुम्हीपण सांगून टाका काय ते. गॅस, वहम, सोमवार..."

"मावशीने सांगितलं ते खरं," विनया म्हणाली. तिने माफी मागितली नाही, हसलीही नाही. "पण मावशीला काय माहीत असणार? म्हणून तुम्हालाच विचारते."

कांचनने पेलाभर पाणी ओतून घेतलं. मग म्हणाली, "बोटांतून. आधी मुंग्या येतात."

त्यानंतरच्या सोमवारी ती हॉस्पिटलात गेली. विश्वनाथ बरोबर होताच. 'मनोविकार' ही पाटी वाचून त्याचं तोंड उतरलं. ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून तो व्हरांड्यात सारखा इकडेतिकडे बघत होता. आत गेल्यावर विनयाने कांचनला प्रश्न विचारला आणि उत्तर विश्वनाथने दिलं. दुसरा विचारला, त्याचंही उत्तर त्यानेच दिलं.

"माईणकर, तुम्ही बाहेर बसा," विनया म्हणाली.

"नाही, मी असलो तर तिला धीर..."

"बाहेर बसा."

तो गेला. लहान पोराला वर्गाबाहेर काढावं तसा गेला. कांचनला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

विनयाने खूप विचारलं, खूप लिहून घेतलं आणि मग थोडंसं सांगितलं. या दुखण्याने कुणी मरत नाही. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, धोका नसताना वाजवतं. ती वाजते तेव्हा माणूस पळतो. पळाला की बरं वाटतं. आणि बरं वाटलं की शरीराला पटतं, धोका खराच होता, पळालो म्हणून वाचलो. म्हणून पुढच्या वेळी ते आणखी जोरात वाजवतं.

"मग मी काय करायचं?"

"बसमधून उतरायचं नाही."

"काय?"

"होऊ द्यायचं. बसून राहायचं. ते चढतं, चढतं, आणि मग उतरतं. तुम्ही कधी त्याला उतरू दिलेलंच नाही, त्याच्या आधी तुम्हीच उतरता."

कांचन ताडकन उठली. "वा! इथे बसून सांगायला तुमचं काय जातंय? माझा जीव जातो हो तेव्हा! आणि तुम्ही म्हणता बसून राहा?"

"जीव जातोय असं वाटतं. ते वाटणं खरं आहे. मी ते खोटं म्हणत नाही."

"उपकार झाले!"

"रागवा," विनया म्हणाली. "पण करून बघा."

कांचनने रागारागातच करून बघितलं. आधी दुधाच्या डेपोपर्यंत. मग बाजारात. रांगेत तिचा घाम निथळायचा, पिशवी हातात घट्ट धरून ती दात आवळून उभी राहायची. कधी जमायचं, कधी ती अर्ध्यातून धावत घरी यायची आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत रडायची. त्या उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला आणि मिरजेला जाणं राहून गेलं. लूचा तापलेला वारा वाहायचा, दुपारी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून लोक आत पडून राहायचे. अशा एका दुपारी ती रिकाम्या बसमध्ये चढली आणि एक थांबा गेली. पुढच्या खेपेला दोन. विश्वनाथला ती हे सांगायची नाही. सांगितलं की तो म्हणायचा, "कशाला जिवाला त्रास करून घेतेस? मी आहे ना."

जूनच्या अखेरीला एका सकाळी मिसेस ग्रेवाल घरी आल्या. या कांचनच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. उंच, धिप्पाड, मोकळ्या मनाची बाई. हातात मिठाईचा डबा होता. आल्या आल्या त्यांनी कांचनला मिठीत घेतलं आणि डोळे पुसले.

"बहुत मिस करेंगे तुम्हें, कांचन. लेकिन ठीक किया. सेहत पहले."

"मिस क्यों? सोमवार को स्कूल खुल रहा है. मैं आ रही हूँ."

मिसेस ग्रेवालांनी तिच्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. "तुम्हें... तुमने नौकरी नहीं छोड़ी?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. मे महिन्यातच विश्वनाथ शाळेत जाऊन मुख्याध्यापिका मिसेस सोधींना भेटला होता. बायकोला नसांचा त्रास आहे, ती पुन्हा शिकवू शकणार नाही, तिच्यावर दडपण नको म्हणून तिला पत्र वगैरे पाठवू नका, मीच कळवतोय ते पक्कं समजा, असं त्याने सांगितलं होतं. शाळा एका ट्रस्टची होती. नवरा सांगतोय म्हटल्यावर कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. नवी बाई ठरलीसुद्धा होती. शनिवारी कांचनसाठी निरोपाचा चहा होता. तो तिला अचानक आनंद द्यावा म्हणून गुप्त ठेवला होता, आणि ते गुपित मिसेस ग्रेवालांना पेलवलं नव्हतं.

कांचनने डबा त्यांच्या हातून घेतला आणि टेबलावर ठेवला. साडी बदलली नाही. केसांवरून फणी फिरवली नाही. नयनाला म्हणाली, "आंटींजवळ बस. मी आले." आणि चपला घालून बाहेर पडली.

मिसेस ग्रेवाल मागून हाका मारत होत्या, "मैं साथ चलती हूँ!" तिने वळून पाहिलं नाही.

बस आली, ती चढली. गर्दी होती, उभंच राहावं लागलं. मनात विश्वनाथशी भांडण चालू होतं. मे महिन्यापासून! मे महिन्यापासून हा माणूस रोज समोर बसून जेवतोय. मी पुढच्या वर्षाचे धडे काढत बसले होते तेव्हा मला चष्मा आणून देत होता. कान गरम झाले होते, छाती धाडधाड उडत होती, दांडीला धरलेल्या हाताला कंप सुटला होता. गोलचक्कर मागे गेलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हे तेच आहे. तीच छाती, तेच हात, तोच तुटका श्वास. आणि आपल्याला भीती वाटत नाहीये. एवढंच की आज याला तिने नाव दुसरं दिलं होतं.

या शोधाचा आनंद मानायला तिला सवड नव्हती. शाळा आली.

मिसेस सोधी प्रवेशाच्या कामात होत्या. कांचनला दारात बघून त्या लगबगीने उठल्या, स्वतः पुढे येऊन त्यांनी तिला धरून खुर्चीत बसवलं, पंखा वाढवला, पाणी मागवलं. "बैठो बेटा, आराम से. अकेली आई हो? इतनी धूप में?" आवाज लोण्यासारखा मऊ.

कांचन भांडायच्या तयारीने आली होती. समोर भांडायला कुणी नव्हतंच. होती ती आईच्या वयाची एक प्रेमळ बाई, जी आजारी माणसाशी बोलतात तसं बोलत होती. कांचनचा राग भुईला टेकला. आणि तो टेकला त्या क्षणी बोटांत मुंग्या आल्या.

आता मात्र खरं ते आलं. खोली लांब गेली. मिसेस सोधींचे ओठ हलत होते. भिंतीवरचा नकाशा, कपाटाची काच, सगळं पातळ झालं. पळ, शरीर म्हणालं. दार तिकडे आहे. पळ.

मिसेस सोधींनी तिचा चेहरा पाहिला आणि टेलिफोन उचलला. "मैं माईणकर साहब को बुलाती हूँ."

"फोन रखिए."

"बेटा, तुम्हारी तबीयत..."

"फोन रखिए!" तिचा आवाज फाटला. बाहेर बाकावर बसलेली पालक मंडळी आत डोकावली. कांचनने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि एकेक शब्द ओढून काढला. "मुझे... यह होता है. इससे कोई मरता नहीं. चला जाएगा. आप... बैठिए. मैं जाने वाली नहीं हूँ."

मिसेस सोधी फोन हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि बसल्या. ते चढत गेलं. हे यापेक्षा वर जाऊच शकत नाही असं वाटलं आणि ते तरीही चढलं. कांचनच्या पाठीवरून घाम ओघळत होता. उंबऱ्यात उभे असलेले लोक, समोरची बाई, सगळ्यांदेखत आपली अब्रू उघडी पडते आहे असं तिला वाटलं. पडू दे, तिने मनात म्हटलं. पडू दे एकदाची. घरात झाकून ठेवलेली अब्रू काय कामाची होती?

आणि मग, केव्हा ते तिला कळलं नाही, पण ते उतरायला लागलं. नकाशातली नावं पुन्हा वाचता येऊ लागली. पंख्याचा आवाज आला. तिने पाण्याचा पेला उचलला. दातांवर काच वाजली, पण पाणी पोटात गेलं.

"माझ्या नवऱ्याने जे सांगितलं," ती हिंदीत म्हणाली, आणि आता तिचा आवाज स्वतःचा होता, "ते त्यांचं म्हणणं होतं. माझं नव्हतं. माझी नोकरी मी सोडलेली नाही. तुम्ही मला का विचारलं नाही?"

"बेटा, ते म्हणाले तुला त्रास होईल..."

"विचारल्याने त्रास होतो? न विचारल्याने होत नाही?"

मिसेस सोधींनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, "आणि वर्गात असं झालं तर? मुली घाबरतील."

"मुली गणितं सोडवतील. मी खुर्चीत बसेन. मग मी उठून फळ्यावर पुढचं गणित लिहीन."

"नवी टीचर मी ठरवली आहे, कांचन."

"तिला सांगा चूक झाली. चूक तुमची आहे आणि माझ्या नवऱ्याची आहे. माझी नाही."

मिसेस सोधी काही वाईट बाई नव्हत्या, फक्त त्यांनी आयुष्यभर नवऱ्यांचे शब्द पक्के धरले होते. शेवटी त्यांनी सांगितलं की आठवीची गणितं तिला मिळतील, पण वर्गशिक्षिकेचं काम या वर्षी दुसरीकडे जाईल. कांचनला ते अपुरं वाटलं, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. मग घेतलं.

विश्वनाथ संध्याकाळी घरी आला तेव्हा ती पुढच्या खोलीतच बसली होती. नयना बाहेर मैदानात खेळत होती. टेबलावरचा मिठाईचा डबा बघून त्याला सगळं उमगलं. त्याने टाय सोडला, पण काढला नाही.

"तुझ्या भल्यासाठीच..."

"ते नका बोलू. दुसरं काहीही बोला."

"कांचन, तू समजून घे. माझी आत्या होती. तिला असंच व्हायचं. गावात पोरं मागे लागायची, वेडी वेडी म्हणून. मी लहान होतो, मी पाहिलंय ते. तुला भरवर्गात काही झालं असतं आणि लोकांनी तुला... मला ते बघवलं नसतं."

हे त्याने बारा वर्षांच्या संसारात कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी कांचनने त्याचा हात हातात घेतला असता.

"तुमच्या आत्याला कुणी विचारलं होतं कधी, काय होतंय म्हणून?"

विश्वनाथ टायची गाठ चाळवत राहिला.

"नाही ना? घरात कोंडलं असेल. तिच्या भल्यासाठीच. तुम्ही मला तेच केलंत, विश्वनाथ." तिने नवऱ्याचं नाव आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर घेतलं होतं, आणि ते घेताना जीभ अडखळली नाही. "माझी पत्रं तुम्ही वाचता. माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलायला शिकली. माझी नोकरी तुम्ही देऊन आलात, जशी काही जुन्या कपड्यांवर भांडी घ्यावीत! मला ते दुखणं झालं, ते माझं नशीब. पण तुम्ही मला जिवंतपणी घरातून वजा केलंत. त्याला कुठलाही डॉक्टर नसांचा त्रास म्हणणार नाही."

"मी घाबरलो होतो गं," विश्वनाथ म्हणाला.

"मग तसं म्हणायचं होतं. मी घाबरलोय म्हणायचं होतं. तुमची भीती तुम्ही माझ्या नावावर खपवलीत."

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. पुढचे कित्येक दिवस त्यांचं बोलणं कामापुरतं चाललं. विश्वनाथने पत्रं फोडणं बंद केलं. ती न फोडता टेबलावर ठेवून तो घाईने दुसरीकडे जायचा. नयनाला कांचनने जवळ घेऊन सांगितलं, "यापुढे मला सगळं सांगायचं. वाईट असेल तेही. मी घाबरले तर घाबरेन, तुझं काय जातंय?" पोरीला ते एकदम पटलं नाही. पण एका आठवड्याने तिने दार धाडकन आपटून सांगितलं, की पम्मी एक नंबरची खोटारडी आहे आणि आपण तिच्याशी जन्मात बोलणार नाही. सगळं हिंदीत. कांचनने ते सगळं ऐकून घेतलं.

ऑगस्टमध्ये ते वर्गात झालं. समीकरण फळ्यावर अर्धं लिहून झालं होतं. ती टेबलाशी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "एक्सरसाइज छह. शुरू करो." मुलींच्या माना वह्यांत गेल्या. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पानी लाऊँ?" कांचन म्हणाली, "नहीं. सवाल करो." ते चढलं, उतरलं, आणि ती उठली. तास सुटल्यावर शिक्षिकांच्या खोलीत येऊन तिने मिसेस ग्रेवालांना सांगितलं तेव्हा त्या बाईने तिच्या पाठीत अशी थाप मारली की तिला ठसका लागला.

ते गेलं असं झालं नाही. विनयाने तसं कबूलही केलं नव्हतं. कमी झालं, लांब लांब गेलं, आणि आलं की कांचन त्याला शिव्या घालायची, मिरजेच्या खास अशा, ज्या चंडीगढमध्ये कुणाला कळत नसत.

राग मात्र इतक्या सहजासहजी उतरला नाही. विश्वनाथ समोरून आला की तो चढायचा. तिने तो लपवला नाही. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिघं तळ्यावर फिरायला गेली होती. नयना पुढे धावत होती. पाण्यावर ऊन होतं, डोंगर स्वच्छ दिसत होते. चालता चालता, तिच्याकडे न बघता, विश्वनाथने विचारलं, "नक्की कसं होतं ते?"

कांचन थांबली. आधी वाटलं, सांगू नये. सात महिने कुठे होतात म्हणावं. मग ती कठड्याला टेकली आणि सांगायला लागली. मुंग्या, ओठ, काचेपलीकडे जाणारी माणसं. त्या पहिल्या दिवशी गोलचक्करावर हिरवळीवर बसून नयनाचं कसं होईल याचा केलेला विचार. खुराणांचं हसू, आणि त्याचंही. ते सांगताना तिचा आवाज चढला, फिरायला आलेले लोक वळून बघू लागले. विश्वनाथने एकदा आजूबाजूला पाहिलं, तिला हळू बोल म्हणावं असं त्याच्या तोंडावर आलेलं तिला दिसलं, पण त्याने ते गिळलं.

"मला वाटलं होतं..." तो मध्येच म्हणाला.

"तुम्हाला काय वाटलं ते नंतर," कांचन म्हणाली. "माझं अजून सांगून झालेलं नाही."